बॅटरीवरचा आकडा आणि चाकातली मोटर

'४८ व्होल्ट' असे ठळक अक्षरांत छापलेल्या विजेच्या सायकलीच्या बॅटरीला मीटर लावून पाहिले, तर त्यावर ४८ हा आकडा क्वचितच दिसतो. नुकत्याच पूर्ण भरलेल्या लिथियम-आयन बॅटरीत तो ५४.६ असतो आणि रिकामी होत आली की ४० च्या आसपास उतरतो. ४८ हे या उताराच्या वाटेत लागणारे एक स्थानक आहे, एवढेच. तरीही बॅटरी, कंट्रोलर, चार्जर आणि चाकातली हब मोटर या चार वस्तू एकमेकींशी जुळतात की नाही, याचा निवाडा देशभरातील बाजारात बहुधा याच एका आकड्यावर केला जातो. '४८ ला ४८ जुळले' की व्यवहार पूर्ण होतो. हा निवाडा अपुरा आहे आणि त्याची किंमत दुकानदार वा उत्पादक मोजत नाही. ती सायकलीवर बसणारा मोजतो.

२०२२ हे वर्ष भारतातील विजेच्या दुचाकींच्या दृष्टीने डोळे उघडणारे ठरले. मार्चच्या अखेरीस पुण्यात रस्त्याकडेला उभी असलेली स्कूटर पेटल्याचे दृश्य देशाने पाहिले. त्याच सुमारास तमिळनाडूतील वेल्लोर येथे घरी चार्जिंगला लावलेल्या दुचाकीला आग लागली आणि तिच्या धुराने एका पित्याचा व त्याच्या मुलीचा मृत्यू झाला. सप्टेंबरात सिकंदराबाद येथे विजेच्या स्कूटरच्या विक्रीदालनातील आग वरच्या मजल्यांवरील हॉटेलात पसरली आणि आठ जण दगावले. या घटनांची कारणे एकसारखी नव्हती आणि त्यांचा उगम व्होल्टेजच्या विजोड जोडणीत होता, असे म्हणण्यास आधार नाही. मात्र त्यांनी एक गोष्ट सर्वांच्या नजरेस आणून दिली : बॅटरी म्हणजे कोंडून ठेवलेली ऊर्जा होय आणि तिला मर्यादेत ठेवणारी व्यवस्था हाच तिच्या सुरक्षिततेचा गाभा आहे.

या घटनांनंतर केंद्र सरकारने तज्ज्ञांची समिती नेमली आणि 'एआयएस-१५६' हे मानक अधिक कठोर करण्यात आले. सुधारित अटी १ डिसेंबर २०२२ आणि ३१ मार्च २०२३ अशा दोन टप्प्यांत लागू झाल्या. बॅटरीवर लक्ष ठेवणारी यंत्रणा अर्थात बीएमएस, चार्जर ठरावीक व्होल्टेजला थांबणे, एका सेलमधील उष्णता शेजारच्या सेलपर्यंत न पोहोचणे, अशा बाबींचा त्यांत विचार झाला. हे पाऊल योग्यच होते. परंतु मानक लागू होते ते कारखान्यातून अखंड बाहेर पडणाऱ्या वाहनाला. साध्या सायकलीला हब मोटरचा संच बसवून घेणारा विद्यार्थी, जुन्या संचाला नवी बॅटरी जोडून देणारा गल्लीतील कारागीर आणि दिवसभर फेऱ्या मारता याव्यात म्हणून मोठी बॅटरी शोधणारा घरपोच सेवेतील कामगार यांची जोडणी कोणत्याही चाचणी-केंद्रातून जात नाही. तिचा एकमेव परीक्षक म्हणजे वेष्टनावरचा आकडा.

व्होल्टेज नेमके काय ठरवते?

हब मोटर ही चाकाच्या मध्यभागी बसवलेली मोटर होय. तिची कल्पना नवी नाही. ऑग्डेन बोल्टन या अमेरिकी संशोधकाला ३१ डिसेंबर १८९५ रोजी ज्या विजेच्या सायकलीचे पेटंट मिळाले, तिच्या मागच्या चाकाच्या तुंब्यातच मोटर होती. तिची बॅटरी १० व्होल्टची होती आणि मोटर १०० अँपिअरपर्यंत विद्युतधारा ओढू शकत होती. आजच्या विद्यार्थ्याने हे दोन आकडे शेजारी ठेवून पाहावेत. १० गुणिले १०० म्हणजे १,००० वॅट. तेवढीच शक्ती ४८ व्होल्टला सुमारे २१ अँपिअरमध्ये मिळते. तारेत वाया जाणारी उष्णता धारेच्या वर्गाच्या प्रमाणात असते. म्हणून त्याच तारेतील तोटा २३ पटींनी घटतो. सायकली १० व्होल्टवरून ३६ आणि ४८ कडे का सरकल्या, याचे एक मोठे कारण या गुणाकारात आहे. वरची मर्यादाही सहज समजण्याजोगी आहे. विजेच्या वाहनांच्या सुरक्षा-नियमांत दिष्ट धारेचे ६० व्होल्ट ही महत्त्वाची रेषा मानली जाते. तिच्यापुढे विद्युतधक्क्यापासून संरक्षणाच्या अटी कडक होतात. '४८ व्होल्ट'ची बॅटरी पूर्ण भरल्यावरही या रेषेच्या आत राहते.

आता मोटरकडे वळू. चाक फिरू लागले की मोटरच्या वेटोळ्यांत स्वतःचेच एक व्होल्टेज निर्माण होते आणि ते बॅटरीच्या विरुद्ध दिशेने काम करते. यालाच विरोधी विद्युतचालक बल म्हणतात. वेग वाढत जातो तसे हे बल वाढत जाते. ते बॅटरीच्या व्होल्टेजच्या जवळ पोहोचले की मोटरमध्ये धारा ढकलण्यास जागाच उरत नाही आणि वेग तिथे थबकतो. म्हणून प्रत्येक मोटरला तिचा असा एक आकडा असतो : प्रति व्होल्ट किती फेरे. बॅटरी आणि मोटर यांची सोयरीक जुळवताना पहिली पत्रिका या आकड्याची पाहायला हवी.

उदाहरण घ्यावे. एखादी हब मोटर ३६ व्होल्टवर, भार नसताना, मिनिटाला २६० फेरे घेते. म्हणजे व्होल्टमागे सुमारे ७.२ फेरे. २६ इंची चाकाचा परीघ सुमारे २.०७ मीटर असतो. गुणाकार केला तर भाररहित वेग ताशी सुमारे ३२ किमी येतो. स्वार बसल्यावर सपाट रस्त्यावर यातील अंदाजे चार-पंचमांश वेग हाती लागतो, म्हणजे ताशी २६ किमी. आता याच मोटरला ४८ व्होल्ट दिले, तर फेरे ३४७ वर जातात, भाररहित वेग ताशी ४३ किमी होतो आणि रस्त्यावरचा वेग ३४ च्या आसपास पोहोचतो. मोटर तीच, चाक तेच, फक्त बॅटरी बदलली. '३६ ची मोटर' आणि '४८ ची मोटर' असे जे बाजारात म्हटले जाते, त्याचा खरा अर्थ एवढाच की अमुक व्होल्टेजला तिचा वेग सायकलीला शोभेसा राहतो.

शोभेसा हा शब्द येथे महत्त्वाचा आहे. व्होल्टेज ३६ वरून ४८ केल्यास वेग एक-तृतीयांशाने वाढतो, हे ऐकायला माफक वाटते. परंतु हवेचा विरोध वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढतो. प्रत्येक किलोमीटरला हवेशी झगडण्यात खर्च होणारी ऊर्जा पावणेदोन पटींहून अधिक होते आणि त्यासाठी लागणारी शक्ती जवळजवळ २.४ पट होते. जास्त व्होल्टची बॅटरी घेतली म्हणजे अंतरही जास्त जाता येईल, अशी अपेक्षा ठेवणाऱ्याला ती पूर्वीपेक्षा लवकर संपताना दिसते, त्याचे कारण हे. थांबताना ब्रेकना शोषावी लागणारी गतिज ऊर्जाही त्याच पावणेदोन पटीने वाढते. ताशी १५ किमी वेगाने पायडल मारणाऱ्या माणसासाठी घडवलेल्या रबरी ब्रेकच्या ठोकळ्यांना हे गणित कोणी सांगितलेले नसते. मोटरचा आस ज्या खाचेत बसतो, ती पुढच्या चिमट्याची खाचही साध्या चाकासाठी बनवलेली असते. मोटरचा पीळ सोसण्यासाठी नव्हे.

चढावरचा गैरसमज

व्होल्टेज वाढवण्याचे सर्वाधिक दिले जाणारे कारण म्हणजे चढ. 'गाडी चढावर दमते, ४८ लाव' हा सल्ला सर्रास दिला जातो. यात अर्धे सत्य आहे आणि अर्धे सत्य बहुधा पूर्ण असत्याहून महाग पडते.

चढावर लागतो तो टॉर्क, म्हणजे चाक फिरवण्याचा जोर. हा जोर बॅटरीच्या व्होल्टेजवर अवलंबून नसतो. तो मोटरच्या वेटोळ्यांतून वाहणाऱ्या धारेवर अवलंबून असतो. स्वार आणि सायकल मिळून १०० किलोग्रॅम वजन धरले, तर शंभर मीटरला पाच मीटर चढणाऱ्या रस्त्यावर सुमारे ५५ न्यूटन बल लागते आणि २६ इंची चाकावर त्याचा टॉर्क १८ न्यूटन-मीटर होतो. बॅटरी ३६ ची असो वा ४८ ची, हा टॉर्क निर्माण करायला वेटोळ्यांत तेवढीच धारा लागते आणि तांब्याची तार तेवढीच तापते. व्होल्टेज वाढवल्याने बॅटरीपासून कंट्रोलरपर्यंतची तार थंड राहते हे खरे. मोटरच्या आतले वेटोळे मात्र थंड राहत नाही.

मग अर्धे सत्य कोणते? अधिक व्होल्टेजमुळे तोच जोर अधिक वेगाला टिकवून धरता येतो. चढ लवकर संपतो आणि एकूण उष्णता कमी होते. पण त्यासाठी शक्ती हवी. वरच्याच चढावर ताशी १५ किमी वेगासाठी सुमारे २३० वॅट लागतात. चढ दुप्पट तीव्र झाला तर ४३० च्या वर. २५० वॅटची मोटर अशा ठिकाणी एकटी पुरणार नाही. तिला स्वाराच्या पायांची जोड हवी. विजेच्या सायकलीला पायडल असतात ते शोभेसाठी नव्हेत. पायांना विश्रांती देऊन केवळ व्होल्टेजच्या बळावर घाट चढू पाहणारा, मोटर ज्या उष्णतेसाठी घडवलेली नाही ती तिच्या पोटात साठवत जातो. हब मोटर बंद डब्यासारखी असते. आतली उष्णता बाहेर पडायला वेळ लागतो. आत नायलॉनची दातेरी चाके असतील, तर आधी ती मऊ पडतात आणि झिजतात. वर उन्हाळ्यात हवेचे तापमान ४५ अंशांवर गेलेले असेल, तर उष्णतेला निसटण्याची वाटही अरुंद होते.

चढासाठी खरा उपाय वेगळा आहे : चाक लहान घ्यावे, किंवा आत दातेरी चाकांची जुळणी असलेली मोटर घ्यावी. तिच्यात आतला भाग वेगाने फिरतो आणि बाहेरचे चाक सावकाश पण जोराने फिरते. हा उपाय बॅटरी बदलण्याइतका सोपा नाही, म्हणून तो कोणी सुचवत नाही.

वरचे टोक आणि खालचे टोक

आतापर्यंतची चर्चा कामगिरीची होती. धोक्याची चर्चा कंट्रोलरपासून सुरू होते. कंट्रोलर हा बॅटरी आणि मोटर यांच्यामधला कारभारी. व्होल्टेजच्या बाबतीत त्याला दोन टोके असतात आणि अपघात टोकांवरच होतात.

वरचे टोक त्यातल्या धारित्रांनी आणि ट्रान्झिस्टरांनी ठरते. ३६ व्होल्टसाठी बनवलेल्या एखाद्या कंट्रोलरमधील धारित्र ५० व्होल्टचे असेल, तर ३६ च्या पूर्ण भरलेल्या बॅटरीचे ४२ व्होल्ट ते सुखाने सोसते. त्याला '४८'ची बॅटरी लावणारा मनात म्हणतो, ४८ तर ५० पेक्षा कमी. प्रत्यक्षात पहिल्याच क्षणी त्याच्यावर ५४.६ व्होल्ट येऊन आदळतात. धारित्र फुगते किंवा फुटते. हा दोष निदान लगेच दिसतो. नुकसान पैशांचे होते, जिवाचे सहसा नाही.

खालचे टोक अधिक फसवे आहे. बॅटरी फार रिकामी होऊ नये म्हणून कंट्रोलर ठरावीक व्होल्टेजला पुरवठा तोडतो. ३६ च्या कंट्रोलरमध्ये ही सीमा साधारणतः ३० व्होल्टच्या आसपास असते. दहा सेल एकसर जोडलेले असल्याने प्रत्येक सेलला तीन व्होल्ट उरतात; ते ठीक. ३६ ची बॅटरी ४८ च्या कंट्रोलरला लावली, तर त्याची सीमा ४० ते ४२ च्या घरात असल्याने सायकल थोडी चालते आणि थांबते. यात गैरसोय आहे, पण धोका नाही. उलट स्थिती पाहावी. ४८ ची बॅटरी अशा ३६ च्या कंट्रोलरला जोडली, ज्याची धारित्रे सुदैवाने ६३ व्होल्टची आहेत. काहीही फुटत नाही. सायकल वेगाने पळते. मालक खूश होतो. पण आता १३ सेल एकसर जोडलेले आहेत आणि कंट्रोलर मात्र ३० व्होल्टपर्यंत उपसत राहायला तयार आहे. ३० भागिले १३ म्हणजे सेलमागे २.३ व्होल्ट. बहुतेक लिथियम-आयन सेलसाठी ही पातळी धोकादायकरीत्या खालची आहे. इतक्या खोल उपशात सेलच्या आतील तांब्याचा पत्रा विरघळू लागू शकतो आणि पुन्हा चार्ज करताना तेच तांबे नको तिथे साचून आतल्या आत शॉर्ट सर्किट होण्याची शक्यता निर्माण होते. म्हणजे ज्या दिवशी चूक होते, त्या दिवशी काहीच घडत नाही. जे घडायचे ते पुढे कधीतरी, बहुधा रात्री, घरात चार्जिंग चालू असताना घडू शकते.

अशा वेळी मध्ये उभा राहतो तो बॅटरीतला बीएमएस. तो चांगला असेल तर वेळीच पुरवठा तोडतो. परंतु बीएमएस हा शेवटचा पहारेकरी आहे. रोजच्या रोज त्याच्याच भरवशावर दार उघडे टाकणे म्हणजे तो कधीतरी डुलकी घेईल याची वाट पाहणे होय.

एकच नाव, पाच बॅटऱ्या

सर्वांत मोठा घोळ चार्जरचा आहे. भारतीय बाजारात '४८ व्होल्ट' या एकाच नावाने निदान पाच वेगवेगळ्या जोडण्या वावरतात. बारा व्होल्टच्या चार शिसे-आम्ल बॅटऱ्या. त्यांचा चार्जर ५८ ते ५९ व्होल्टपर्यंत जातो. निकेल-मँगनीज-कोबाल्ट प्रकारचे १३ सेल. पूर्ण चार्ज ५४.६. त्याच प्रकारचे १४ सेल, जे कधी ४८ तर कधी ५२ व्होल्ट म्हणून विकले जातात. पूर्ण चार्ज ५८.८. लिथियम-लोह-फॉस्फेटचे १५ सेल. पूर्ण चार्ज ५४.७५. आणि त्याच रसायनाचे १६ सेल. पूर्ण चार्ज ५८.४.

आता शिसे-आम्ल बॅटरीची जुनी गाडी लिथियमवर आणणाऱ्या माणसाची कल्पना करावी. नवी बॅटरी महाग पडली आहे. घरात जुना चार्जर आहे. त्यावरही ४८ आहे, बॅटरीवरही ४८ आहे आणि पुष्कळदा पिनही तीच आहे. तो चार्जर लावतो. १३ सेलच्या बॅटरीला ५८.८ व्होल्ट मिळाले, तर सेलमागे ४.५२ व्होल्ट होतात. मर्यादा ४.२ ची आहे. पुन्हा एकदा सारा भार बीएमएसवर येतो. अधिक चार्ज झालेला लिथियम-आयन सेल हा आगीला दिलेले आमंत्रण असतो, हे प्रयोगशाळेतील प्रत्येक विद्यार्थ्याला ठाऊक आहे. परंतु ते चार्जरवर कुठेही लिहिलेले नसते. शिवाय बहुतेक लिथियम-आयन सेल ४५ अंश सेल्सिअसच्या वर चार्ज करू नयेत, असे त्यांचे उत्पादक सांगतात. उत्तर आणि मध्य भारतातील मे महिन्यात ही सीमा सावलीतही गाठली जाते.

या माणसाची चूक कोणती? त्याने आकडा वाचला आणि आकड्यावर विश्वास ठेवला. तो निरक्षर असता तर कदाचित कोणाला विचारले तरी असते.

कायदा काय पाहतो, काय पाहत नाही

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यांच्यानुसार ज्या विजेच्या दुचाकीची तीस मिनिटांची शक्ती ०.२५ किलोवॅटहून कमी आणि कमाल वेग ताशी २५ किमीहून कमी आहे, तिला इतर अटी पूर्ण केल्यास मोटार वाहन मानले जात नाही. नोंदणी नको, परवाना नको. पायडलच्या जोडीने चालणाऱ्या सायकलीच्या बाबतीत वेग ताशी २५ किमीला पोहोचताच मोटरचे साहाय्य थांबले पाहिजे, अशी अपेक्षा आहे. ही सवलत उदार आहे आणि तिच्यामुळेच विद्यार्थी, छोटे विक्रेते व कामगार यांना स्वस्त वाहन मिळू शकले.

या नियमात शक्ती आहे, वेग आहे. बॅटरीच्या व्होल्टेजची मर्यादा नाही. भौतिकशास्त्राच्या दृष्टीने हे बरोबरच आहे, कारण ४८ व्होल्टची सायकलही सौम्य असू शकते. मात्र वरचे गणित दाखवते की मंजूर संचाला केवळ निराळी बॅटरी जोडून दोन्ही मर्यादा ओलांडता येतात. १५ अँपिअरला थांबणारा कंट्रोलर ३६ व्होल्टला ५४० वॅट ओढू शकतो, तोच ४८ ला ७२० वॅट. अनेक स्वस्त कंट्रोलरांत तर वेगमर्यादा एका सुट्या तारेच्या जोडणीवर अवलंबून असते. ती काढली की मर्यादा संपली. त्या क्षणी सायकल कायद्याच्या दृष्टीनेही सायकल राहते का, हा प्रश्न उभा राहतो आणि अपघात झाल्यावर विम्याच्या संदर्भात तोच प्रश्न निर्दयपणे विचारला जाऊ शकतो. बॅटरी विकणाऱ्याने याची कल्पना ग्राहकाला दिलेली नसते.

चार आकडे पुरेत

यावर दोन प्रकारचे उत्तर नेहमी ऐकू येते. एक म्हणते, सुट्या संचांवर बंदी घाला. दुसरे म्हणते, हा देश जुगाडावर चालतो, त्याला हात लावू नका. दोन्ही उत्तरे आळशी आहेत. बंदी घातली तर संच चोरवाटेने येतील आणि त्यांची गुणवत्ता आणखी घसरेल. शिवाय ज्याला नवी विजेची दुचाकी परवडत नाही, त्याच्या हातचे साधन जाईल. आणि जुगाडाचे कौतुक करणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे की उत्तम कारागिरालाही जुळणी करण्यासाठी माहिती लागते. माहिती न देता त्याच्याकडून कौशल्याची अपेक्षा करणे, हा त्याचा गौरव होऊ शकत नाही.

गरज आहे ती साध्या, सक्तीच्या आणि ठळक लेबलाची. बॅटरीवर, कंट्रोलरवर आणि चार्जरवर '४८ व्होल्ट' याऐवजी किंवा त्याच्या जोडीला, प्रत्येकाला लागू असतील ते आकडे असावेत : पूर्ण चार्ज असतानाचे सर्वाधिक व्होल्टेज, ज्याच्या खाली जाऊ नये ते किमान व्होल्टेज, आणि जास्तीत जास्त धारा. मोटरवर चौथा आकडा असावा : प्रति व्होल्ट फेरे. सोबत बॅटरीचे रसायन स्वच्छ शब्दांत छापावे. हे चार आकडे असले की जुळणी म्हणजे वजाबाकी आणि तुलना यांचा खेळ होतो. बॅटरीचे वरचे टोक कंट्रोलरच्या वरच्या टोकापेक्षा कमी आहे का? कंट्रोलरचे खालचे टोक बॅटरीच्या खालच्या टोकापेक्षा वर आहे का? चार्जर बॅटरीच्या वरच्या टोकाला नेमका थांबतो का? मोटरचा वेग चाकाच्या परिघाशी गुणला, तर सायकलीला झेपेल असा येतो का? दहावी झालेल्या कोणालाही याची उत्तरे देता येतील.

दुसरी सूचना चार्जरच्या पिनची. शिसे-आम्ल आणि लिथियम यांच्या चार्जरची पिन एकमेकांत बसूच नये, अशी रचना मानकातून सक्तीची करता येईल. माणसाच्या स्मरणशक्तीवर सुरक्षितता सोपवण्यापेक्षा ती प्लास्टिकच्या आकारावर सोपवणे अधिक शहाणपणाचे असते. घरातली तीन पिनांची खुंटी उलटी बसत नाही, म्हणूनच ती रोज अंधारातही निर्धास्तपणे लावता येते.

तिसरी सूचना वर्गखोलीची. ओहमचा नियम देशभरातील मुले दहावीपर्यंत शिकतात, पण बहुधा कागदावरच्या रोधांच्या आकृत्यांमधून. औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत किंवा महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत एक हब मोटर टेबलावर ठेवावी. कशालाही न जोडता तिचे चाक हाताने फिरवावे. ते सहज फिरते. मग तिच्या तिन्ही जाड तारांची टोके एकमेकांना जोडून पुन्हा फिरवावे. चाक जणू मधात रुतल्यासारखे जड होते. विरोधी विद्युतचालक बल म्हणजे काय, हे त्या क्षणी हाताला कळते आणि हाताला कळलेले सहसा विसरले जात नाही. तारा सोडवून त्यांतील दोहोंना मीटर लावला आणि चाक भरभर फिरवले, की आकडा वेगाबरोबर चढताना दिसतो. प्रति व्होल्ट फेरे हा आकडा कुठून येतो, हे ज्याने असे पाहिले, तो पुढे दुकानात उभा राहून 'हिचे पूर्ण चार्ज व्होल्टेज किती?' असा प्रश्न विचारेल. असे प्रश्न विचारणारे ग्राहक वाढले, की उत्तरे छापणारे उत्पादकही वाढतात.

विजेच्या वाहनांविषयीच्या राष्ट्रीय चर्चेत बहुधा मोठ्या गोष्टी येतात : लिथियमचे साठे, सेलचे कारखाने, चार्जिंगची केंद्रे, अनुदाने. त्या आवश्यकच आहेत. परंतु देशातील मोठा वर्ग विजेच्या वाहनाची पहिली ओळख करून घेतो ती एखाद्या जुन्या सायकलीच्या चाकात बसवलेल्या मोटरच्या रूपाने. त्या मोटरला कोणती बॅटरी जोडावी, हा प्रश्न लहान वाटतो. रात्री घराच्या एकुलत्या एका खोलीत, दाराशी, झोपलेल्या माणसांच्या शेजारी जिथे ती बॅटरी चार्ज होत असते, तिथे तो लहान राहत नाही. तिथे झोपलेल्यांना बॅटरीवरच्या आकड्यावर विसंबावे लागते. तो आकडा खरा आणि पुरेसा असावा, एवढी मागणी मानकाकडून आणि विज्ञानाकडून करण्याचा त्यांना अधिकार आहे.